पुण्यात, पुण्याहून, पुण्याचे: 'गेट' वापरून मराठी बातम्यांतली गावे शोधण्याचे एक प्रकरण

काम काय आहे

मराठी बातम्यांचा एक संग्रह साध्या मजकूर फाईलींमध्ये ठेवलेला आहे. कोणत्या बातमीत कोणत्या गावाचा उल्लेख आहे याची सूची त्यातून हवी आहे. "पुण्यात", "पुण्याहून" आणि "पुणे" ही सगळी रूपे "पुणे" या एकाच नावाखाली जमा झाली पाहिजेत. शिवाय एखादी नोंद सूचीत का आली, असे कुणी विचारले तर कारण दाखवता आले पाहिजे.

मराठीत नावे ओळखणारी प्रशिक्षित मॉडेल आता उपलब्ध आहेत. एलथ्रीक्यूब या संशोधन गटाच्या महाएनईआर या संचात तर हाताने खुणा केलेली 25,000 वाक्ये आहेत. पण मॉडेल "पुण्यात" हे ठिकाण आहे इतकेच सांगते. त्याचे मूळ नाव पुणे, हे वेगळे काढावे लागते. आणि मॉडेल कितीही चांगले असले तरी आपल्या संग्रहावर ते किती चालते हे मोजायला हाताने खुणा केलेला मजकूर लागतोच. म्हणून सुरुवात खुणांपासून आणि यादीपासून करणे शहाणपणाचे. त्यासाठी इथे गेट हा मजकुरावर काम करणाऱ्या साधनांचा संच निवडला आहे. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात तो तयार झाला, पहिली आवृत्ती 1996 ची. तो जावामध्ये लिहिलेला आहे, मुक्त परवान्याचा आहे, आणि त्याचा गेट डेव्हलपर हा डेस्कटॉप प्रोग्राम एक ओळही कोड न लिहिता वापरता येतो. दक्षिण आशियाई भाषांशी त्याचे नाते जुने आहे. मराठीसह 14 भाषांचा मजकूर जमवणाऱ्या एमिल प्रकल्पात लँकेस्टर विद्यापीठाबरोबर शेफील्डही होते.

मांडणी समजून घ्या, मग बटणे दाबा

गेटमध्ये मूळ मजकुराला हात लावला जात नाही. खुणा मजकुराबाहेर राहतात. प्रत्येक खुणेला सुरुवातीचे स्थान, शेवटचे स्थान, प्रकार आणि वैशिष्ट्ये असतात. "पुणे आणि नाशिक" या मजकुरात "पुणे" 0 ते 4 वर बसते आणि "नाशिक" 9 ते 14 वर. इथे मोजली जातात ती युनिकोडची चिन्हे, डोळ्यांना दिसणारी अक्षरे नव्हेत. "पुणे" मध्ये प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे आहेत. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

डावीकडच्या झाडात तीन फांद्या नेहमी लागतात. लँग्वेज रिसोर्सेसमध्ये दस्तऐवज आणि त्यांचा संच म्हणजे कॉर्पस, प्रोसेसिंग रिसोर्सेसमध्ये मजकुरावर काम करणारे घटक, आणि ॲप्लिकेशन्समध्ये त्या घटकांची क्रमवार साखळी. घटक प्लगइनमधून येतात. 8.5 आवृत्तीपासून ही प्लगइन्स पहिल्यांदा लोड करताना इंटरनेटवरून उतरतात आणि मग संगणकावर साठून राहतात. कचेरीच्या प्रॉक्सीमागे बसून पहिल्यांदा गेट उघडले आणि ॲनी हे तयार साखळीचे प्लगइन येईनासे झाले, तर दोष बहुधा जाळ्याचा असतो. एकदा मोकळ्या जोडणीवर लोड करून घेतले की पुढे इंटरनेटशिवाय भागते.

चाचणीचा मजकूर

पहिल्याच दिवशी हजारो बातम्या ओतू नयेत. अडचणी मुद्दाम गोळा केलेली सात वाक्ये घ्या:

1. पुणे आणि नाशिक या शहरांत शाळा बंद राहिल्या.
2. पावसामुळे साताऱ्याहून पुण्याकडे येणारी वाहतूक थांबली.
3. ठाण्यातील एका महिलेने पोलीस ठाण्यात तक्रार दिली.
4. अन्नदान हे पुण्याचे काम आहे.
5. वाईचे रस्ते वाईट झाले आहेत.
6. कोल्हापुरात डॉ. आंबेडकर जयंतीची मिरवणूक निघाली.
7. नाशिकच्या द्राक्षांना मिरजेत चांगला भाव मिळाला.

यात गावांचे उल्लेख नऊ आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या वाक्यात दोन-दोन, तिसऱ्यात एक, चौथ्यात एकही नाही, पाचव्या-सहाव्यात एकेक आणि सातव्यात दोन.

फाईल यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत, जतन करा आणि गेटमध्ये नवा दस्तऐवज बनवताना एन्कोडिंगच्या रकान्यात यूटीएफ-8 लिहाच. रकाना रिकामा ठेवला की जावा संगणकाचे स्वतःचे एन्कोडिंग धरते. जावा 18 पासून ते सर्वत्र यूटीएफ-8 आहे, पण विंडोजवर त्याआधीचे जावा असेल तर देवनागरीच्या जागी उच्चारचिन्हे लागलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसते. तसा मजकूर दिसला तर दस्तऐवज बंद करून पुन्हा लोड करावा. त्यावर केलेल्या खुणा वाया जातात, कारण सगळी स्थानेच चुकलेली असतात. बातम्या कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या असतील तर तो युनिकोड मजकूरच नाही. आधी रूपांतर करा आणि रूपांतर झाल्यावर जोडाक्षरे डोळ्यांनी तपासा.

आधी हाताने: खूण कुठे संपते?

साखळी चालवण्यापूर्वी सातही वाक्यांवर हाताने खुणा कराव्यात. दस्तऐवज उघडून ॲनोटेशन सेट्सचे बटण दाबा. उजवीकडे खालच्या चौकटीत "की" हे नाव रोमन लिपीत, पहिले अक्षर मोठे ठेवून लिहा आणि नवा संच बनवा. मग शब्द निवडून त्यावर माऊस स्थिर ठेवला की छोटी खिडकी येते. तिच्यात प्रकार म्हणून "ठिकाण" या अर्थाचा एकच ठरलेला शब्द द्या. संचाला हेच नाव द्यायला कारण आहे. साखळीच्या सुरुवातीला बसणारा डॉक्युमेंट रीसेट हा घटक आधीच्या खुणा पुसतो, पण "की" नावाचा संच मूळ मांडणीनुसार राखून ठेवतो. हाताच्या खुणा बिननावाच्या मूळ संचात केल्या तर पहिल्याच फेरीत त्या साफ होतात.

आता मराठीचा खरा प्रश्न. "मिरजेत" या शब्दात खूण कुठवर करायची? फक्त "मिरज" वर केली तर खुणेची कड ज आणि मात्रेच्या मधोमध पडते. पडद्यावर अर्धे अक्षर रंगते, माऊसने ते नीट निवडताही येत नाही, आणि दोन माणसांच्या खुणा कधी जुळत नाहीत. "कोल्हापुरात" मध्ये तर "कोल्हापूर" हा तुकडा सापडतच नाही, कारण दीर्घ ऊकार ऱ्हस्व झालेला आहे. "पुण्याकडे" मधून "पुणे" कापून काढायला जागाच नाही.

म्हणून नियम असा ठेवा: प्रत्ययासह पूर्ण शब्दावर खूण करायची आणि मूळ नाव त्या खुणेच्या वैशिष्ट्यात लिहायचे. "साताऱ्याहून" वर एकच खूण, वैशिष्ट्यात "सातारा". हा निर्णय लेखी असावा आणि तो पहिल्या दिवशीच व्हावा, कारण तो मागाहून बदलला तर आधीची प्रत्येक खूण पुन्हा करावी लागते. "पोलीस ठाण्यात" सारख्या शब्दांवर खूण नाही, हेही त्याच कागदावर लिहावे. "कराड" हे गाव आणि आडनाव दोन्ही आहे. "वाडा" हा पालघर जिल्ह्यातला तालुका आहे आणि सामान्य शब्दही. "खेड" रत्नागिरी आणि पुणे या दोन्ही जिल्ह्यांत आहे. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, अहमदनगर आणि अहिल्यानगर यांची नोंद एकत्र करायची की वेगळी, हेही ठरवावे लागते, कारण जुन्या बातमीत जुनेच नाव असणार.

तयार साखळी मराठीवर चालवली तर

गेटसोबत ॲनी नावाची तयार साखळी येते आणि नवा माणूस तीच आधी चालवून पाहतो. तीत क्रमाने रीसेट, मजकुराचे शब्द म्हणजे टोकन पाडणारा इंग्रजी टोकनायझर, याद्यांवरून शब्द शोधणारा गॅझेटिअर, वाक्य तोडणारा घटक, शब्दांना नाम, क्रियापद अशी पदे लावणारा घटक, नियम चालवणारा ट्रान्सड्यूसर आणि नावांची जुळणी करणारा घटक आहेत. आपल्या सात वाक्यांवर तिला ठिकाणे सापडतात शून्य. याद्या इंग्रजी, नियम इंग्रजी, पदे लावणारा घटक इंग्रजीवर शिकलेला. त्याने मराठी शब्दांना लावलेली पदे निरर्थक असतात. ती दिसतात मात्र अगदी व्यवस्थित, त्यामुळे फसगत होते. तो घटक सरळ काढून टाका.

उपयोगी उरतो तो साखळीचा सांगाडा. नवी कॉर्पस पाइपलाइन बनवा आणि तीत चारच घटक ठेवा: डॉक्युमेंट रीसेट, गेट युनिकोड टोकनायझर, गॅझेटिअर आणि नियम चालवणारा जेप ट्रान्सड्यूसर. युनिकोड टोकनायझर अक्षरांचे युनिकोड वर्ग बघून तोडतो. त्यामुळे काना-मात्रा शब्दातच राहतात आणि देवनागरी अंक संख्या म्हणून ओळखले जातात. रीसेट विसरलात तर प्रत्येक फेरीत जुन्या खुणांवर नव्या चढतात आणि मोजणी फुगते.

वाक्यांचे तुकडे हवे असतील तर पाचवा घटक म्हणून रेजएक्स वाक्यतोडणी घ्या. सहाव्या वाक्यात "डॉ." नंतरच्या टिंबावर वाक्य तुटेल. ते थांबवण्यासाठी "न तोडण्याच्या" नमुन्यांच्या फाईलीत डॉ., श्री., सौ., कै., प्रा., ता., जि., क्र., रु. ही रूपे घालावी लागतात. आपले नियम वाक्यावर अवलंबून नसल्याने इथे त्याची गरज पडत नाही.

यादीच्या तीन फेऱ्या

गॅझेटिअर म्हणजे याद्यांवरून शब्द शोधणारा घटक. त्याची एक अनुक्रमणिका फाईल असते. तीत दर ओळीला यादीच्या फाईलीचे नाव, मग कोलन, मुख्य प्रकार, पुन्हा कोलन आणि उपप्रकार. यादीत दर ओळीला एक नाव. सापडलेल्या शब्दावर "लुकअप" प्रकारची खूण होते. यादी बदलल्यावर त्या घटकावर उजवी टिचकी मारून रीइनिशिअलाइझ करावे लागते. ते केले नाही तर जुनीच यादी चालत राहते, आणि बदलाचा काही परिणाम का होत नाही याचा शोध नको तिथे सुरू होतो.

पहिली फेरी. यादीत सात मूळ नावे: पुणे, नाशिक, सातारा, ठाणे, वाई, कोल्हापूर, मिरज. "होल वर्ड्स ओन्ली" चालू. सापडतात फक्त पहिल्या वाक्यातली दोन. चूक एकही नाही, पण नऊपैकी सात उल्लेख निसटले. म्हणजे अचूकता (सापडलेल्यांपैकी बरोबर किती) 1.00 आणि व्याप्ती (एकूण उल्लेखांपैकी सापडले किती) 0.22.

दुसरी फेरी. बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे पूर्ण शब्दाची अट काढणे. आता सहा जागी खूण होते: पहिल्या वाक्यातली दोन, "नाशिकच्या" मधला नाशिक, "मिरजेत" मधला मिरज, "वाईचे" मधला वाई, आणि "वाईट" मधलाही वाई. पुणे, सातारा, ठाणे आणि कोल्हापूर यांची प्रत्यय लागलेली रूपे अजूनही हाती लागत नाहीत, कारण तिथे नावच बदलले आहे. ॲनोटेशन डिफ या साधनात "की" संचाशी ताडून पाहिले तर सैल मोजणीने सहापैकी पाच बरोबर ठरतात. काटेकोर मोजणीत, जिथे कडाही जुळाव्या लागतात, बरोबर दोनच. सैल आकडा पाहून समाधान मानू नये. हजारो बातम्यांत "वाईट" किती वेळा येतो याचा विचार करा. शिवाय वाई हे एकटे नाव नाही. दोन-तीन अक्षरांचे प्रत्येक गाव असेच भलत्या शब्दांत जाऊन बसते.

तिसरी फेरी. पूर्ण शब्दाची अट पुन्हा चालू करा आणि रूपेच यादीत घाला. प्रत्येक नावाचे सामान्यरूप लिहा. आकारान्त आणि एकारान्त नावांना "या" लागतो: साताऱ्या, पुण्या, ठाण्या. "पूर" चे "पुरा" होते. मिरजचे "मिरजे". ईकारान्त नावे जशीच्या तशी राहतात: वाई, सांगली, रत्नागिरी. पण वर्तमानपत्रात "कोल्हापुरात" आणि "कोल्हापूरमध्ये" दोन्ही लिहितात, "मिरजेला" आणि "मिरजला" दोन्ही. नाशिकची तर तीन अंगे, म्हणजे प्रत्यय जोडण्याची रूपे, होतात: नाशिक, नाशिका, आणि "नाशकात" मधले नाशका. म्हणून कोल्हापूर आणि मिरज यांची दोन-दोन, नाशिकची तीन, बाकी चार नावांचे एकेक, अशी एकूण 11 अंगे झाली.

प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये सुरुवातीला 15 पुरेत: ला, स, ने, त, तील, तून, हून, चा, ची, चे, च्या, मध्ये, कडे, पासून, पर्यंत. स्प्रेडशीटमध्ये पहिल्या स्तंभात अंगे आणि वरच्या ओळीत प्रत्यय ठेवून दोन्ही जोडणारे एक सूत्र सगळीकडे ओढा. 11 गुणिले 15 म्हणजे 165 रूपे, अधिक सात मूळ नावे, मिळून 172 ओळी. प्रत्येक ओळीत रूपानंतर & हे चिन्ह, मग वैशिष्ट्याचे नाव, बरोबरचे चिन्ह आणि मूळ नाव लिहा. गॅझेटिअर बनवताना वैशिष्ट्य वेगळे करणारे चिन्ह म्हणून & द्या. वैशिष्ट्याचे नाव रोमन लिपीत ठेवावे म्हणजे पुढे नियम लिहिताना अडत नाही. त्याची किंमत मात्र खुशाल देवनागरीत असू द्या.

"नाशिकत" सारखी काही रूपे भाषेत नाहीत, पण ती मजकुरातही येत नसल्याने त्रास देत नाहीत. यादी मोठी होईल ही भीती सोडा. गॅझेटिअर यादी एकदाच स्मृतीत बांधून घेतो, त्याला काही हजार ओळी सहज झेपतात. बोली वळणाचे "पुण्याचं", "पुण्यातला" आणि त्याची लिंगवचनांची रूपे, तसेच शेवटी लागणारे "च" आणि "ही" हळूहळू वाढवा. एकाक्षरी "स" हा प्रत्यय मात्र छोट्या नावांना लावण्याआधी तयार होणारा शब्द वाचून पाहा. वाईला "स" लागला की "वाईस चान्सलर" मधला वाईस हाती येतो.

आता निकाल: 11 जागी खुणा, त्यांत नऊ बरोबर. एकही उल्लेख निसटला नाही, "वाईट" वगळला गेला. चुकल्या त्या दोनच जागा, "पोलीस ठाण्यात" आणि "पुण्याचे काम". अचूकता 0.82, व्याप्ती 1.00, दोन्ही मिळून काढलेला एफ आकडा 0.90. मूळ नावही प्रत्येक खुणेवर आले आहे. हीच आपली खरी गरज होती.

दिसायला सारखे, साठवणीत वेगळे

तिसऱ्या फेरीत "साताऱ्याहून" सापडला नाही, तर यादीला दोष देण्याआधी तो शब्द कसा टंकला आहे ते पाहा. र्‍य हे जोडाक्षर दोन प्रकारे साठवले जाते. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह, हलन्त आणि य असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त, न दिसणारे जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पहिल्या प्रकारात शब्द 11 चिन्हांचा होतो आणि दुसऱ्यात 12 चा. गॅझेटिअर चिन्हाला चिन्ह ताडतो, म्हणून त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडचे प्रमाणीकरण केले तरी हा फरक मिटत नाही. प्रमाणीकरणाचे एनएफसी रूप र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) यांची जोडी ऱ मध्ये बदलते, न दिसणाऱ्या जोडचिन्हाला हात लावत नाही. तेच ॲ चे. युनिकोडमध्ये हे अक्षर 5.1 आवृत्तीत, 2008 साली आले. त्याआधीच्या मजकुरात अ वर चंद्राची खूण देऊन तो लिहिलेला असतो, आणि युनिकोड या दोघांना समान मानत नाही.

उपाय एकच: गेटमध्ये आणण्यापूर्वी सगळ्या फाईलींवर शोध-आणि-बदल चालवून एकच प्रकार राखायचा, आणि यादीवरही तेच करायचे. हे खुणा करण्यापूर्वीच व्हायला हवे. नंतर मजकुरातले एक चिन्ह कमी झाले तरी पुढच्या प्रत्येक खुणेचे स्थान एकाने सरकते.

उरलेल्या दोन चुका: जेपचे नियम

जेप ही गेटची नियमभाषा आहे. नियमाच्या डाव्या बाजूला खुणांचा नमुना, उजव्या बाजूला करायची कृती. फाईलीच्या वरच्या भागात इनपुट म्हणून टोकन आणि लुकअप एवढेच द्या. रिकाम्या जागांचे टोकन इनपुटमध्ये घेतले नाही की नियमाला मोकळ्या जागा दिसतच नाहीत. घेतले तर प्रत्येक नमुन्यात त्या लिहाव्या लागतात. "नियम बरोबर आहे पण काहीच सापडत नाही" यामागे बहुधा हीच ओळ असते. नियंत्रणाचा प्रकार ॲपेल्ट ठेवा. त्यात एकाच जागेपासून सुरू होणाऱ्या जुळण्यांपैकी सर्वांत लांब जिंकते, आणि जिथे ती संपते तिथूनच पुढचा शोध सुरू होतो.

तीन नियम पुरतात. पहिला साधा: ठिकाणाचा लुकअप दिसला की ठिकाणाची खूण करा आणि मूळ नाव तिच्यावर उतरवा. दुसरा: "पोलीस" किंवा "पोलिस" हे टोकन आणि त्यामागून मूळ "ठाणे" असलेला लुकअप आला तर उजवी बाजू रिकामी, म्हणजे काहीच करू नका. ही जुळणी "पोलीस" पासून सुरू होऊन "ठाण्यात" गिळते, त्यामुळे पहिल्या नियमाला तो शब्द भेटतच नाही. तिसरा: मूळ "पुणे" असलेला लुकअप आणि त्यामागून "काम" किंवा "फळ" हे टोकन, इथेही उजवी बाजू रिकामी. तो पहिल्या नियमाच्या जागीच सुरू होतो पण लांब असल्याने जिंकतो.

आता नऊपैकी नऊ सापडतात आणि चूक एकही नाही. हा आकडा कुणाला दाखवू नका. नियम याच सात वाक्यांकडे बघून लिहिले आहेत, त्यामुळे त्यांवर ते चालणारच. संग्रहातून वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या आणि वेगवेगळ्या वर्षांच्या 50 बातम्या काढा. दोघांनी स्वतंत्र संचात, एकमेकांचे न पाहता खुणा करा. आधी त्या दोघांतला फरक ॲनोटेशन डिफमध्ये काढा. जिथे माणसांचेच जुळत नाही तिथे खुणांचा लेखी नियम अपुरा आहे, यंत्राला बोल लावून उपयोग नाही. मतभेद मिटवून एक "की" संच पक्का झाला की साखळीचा काटेकोर आकडा मोजा. कॉर्पस क्वालिटी ॲश्युरन्स हे साधन सगळ्या दस्तऐवजांचे आकडे एकत्र देते. त्या 50 बातम्यांकडे बघून नियम बदलला की त्या चाचणीच्या राहत नाहीत, नव्या घ्याव्या लागतात.

काही गोष्टी नियमांनी सुटत नाहीत. "आरोपीला ठाण्यात नेले" यात "पोलीस" हा शब्द आधीच्या वाक्यात राहून गेलेला असतो. "पूर्वजांच्या पुण्याने" साठी तिसऱ्या नियमात मागच्या शब्दांची यादी लांबवत बसावे लागते आणि ती संपत नाही. अशा नावांसाठी सरळ वेगळी यादी करा: ठाणे, पुणे, वाडा, खेड, कराड. त्यांच्या खुणेवर "संदिग्ध" असे वैशिष्ट्य लावा आणि तेवढ्याच नोंदी माणसाकडून तपासून घ्या. पुढे प्रशिक्षित मॉडेल जोडायचे झाले तर त्याची पहिली कसोटी याच नोंदींवर घ्यावी.

जतन करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. साखळी ॲप्लिकेशनची स्थिती म्हणून जतन होते. तीत घटकांचा क्रम आणि याद्यांचे पत्ते असतात, दस्तऐवजांवरच्या खुणा नसतात. खुणांसाठी सीरियल डेटास्टोअर, म्हणजे गेटचे दस्तऐवज साठवण्याचे फोल्डर, उघडून कॉर्पस त्यात जतन करा, किंवा प्रत्येक दस्तऐवज गेट एक्सएमएल म्हणून बाहेर काढा. तो मार्ग दुसऱ्या संगणकावर न्यायला सोपा पडतो. यादी आणि जेपच्या फाईली साखळीच्या फाईलीशेजारी एकाच फोल्डरमध्ये असल्या तर तो फोल्डर उचलून कुठेही नेता येतो आणि पत्ते तुटत नाहीत.